उद्यमनगर ते चेन्नई : भाचीच्या ट्रॉफीसाठी चार दिवस

दिवस पहिला : साखर, खोबरेल आणि बृंदावन एक्सप्रेस

निघायच्या आदल्या दुपारपासून दादा हात धूत होता. तळव्यावर चमचाभर साखर, तिच्यावर खोबरेल, मग खसाखसा चोळायचं आणि शेवटी लिंबाची फोड नखांच्या कडेनं फिरवायची. सव्वीस वर्षं उद्यमनगरात गॅरेज चालवणाऱ्या माणसाच्या हाताचं ग्रीस एका धुण्यात निघत नाही. वहिनी म्हणाली, "आता पुरे की, कातडं निघंल." तर म्हणतो कसा, "पोरीशेजारी हुभं ऱ्हायाचं हाय. फोटूत हात दिसत्यात."

पोरगी म्हणजे माझी भाची. दुचाकी रॅलीच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिलांच्या वर्गात तिनं नंबर काढला, आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्याचं बोलावणं आलं. सोहळा चेन्नईला. वहिनीच्या आईचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळं तिला घर सोडता येईना. मग भाचीनं मला फोन केला. "आत्या, तू चल की. पप्पा तिथं कुणाशी बोलणारच न्हाईत." मी शाळेत चार दिवसांची रजा टाकली.

चार वर्षांपूर्वीपर्यंत रॅली म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी एकदम सुटायचं आणि पहिला येईल तो जिंकला, असं ते नसतंच. एकेक जण ठरावीक अंतरानं सुटतो आणि घड्याळाशी लढतो. स्पेशल स्टेज, म्हणजे बंद केलेला कच्चा रस्ता, कमीत कमी वेळात पार करायचा. दोन स्टेजच्या मधला रस्ता मात्र तुमच्या-आमच्या रहदारीचा. तिथं वाहतुकीचे सगळे नियम पाळून नेमून दिलेल्या मिनिटाला टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीवर, हजर व्हायचं. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड. हे सगळं होतं कुठं, तर कुठल्या तरी माळावर किंवा डोंगराच्या कडेला. बघायला असतात ते देखरेखीचे मार्शल, दोन-चार मेंढपाळ आणि घरचे. पोरीनं वळण कसं घेतलं हे आम्हीसुद्धा कधी धड पाहिलेलं नाही. धूळ दिसते, मागून आवाज येतो, आणि संध्याकाळी कागदावर मिनिटं-सेकंद लागतात.

म्हणून चेन्नईला जायचं मला फार महत्त्वाचं वाटत होतं.

कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं बंगळूर, तिथून दुपारची बृंदावन एक्सप्रेस, असा बेत होता. बसमध्ये एक घोटाळा झाला. भाचीच्या बुटांची पिशवी सीटखाली राहिली आणि आम्हाला आठवण झाली ती इडली खाताना. बसवाल्यांना चार फोन केले, पाचवा कुणी उचलला नाही. ती काही बोलली नाही. डोळे मात्र भरून आले होते, कारण ते बूट वहिनीनं भिशीच्या पैशातून घेतलेले.

बृंदावनचा प्रवास सुरेख. कोलारच्या बाजूचे दगडांचे डोंगर, जोलारपेट्टईनंतर नारळाची झाडं, आणि दर पाच मिनिटांनी वड्यावाला. दादानं पिशवीतून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि मेदूवड्यावर भुरभुरली. समोर बसलेल्या काकू बघत राहिल्या. त्यांनाही चिमूटभर दिली. त्यांनी ती चाखली, डोळे मिटले आणि आपल्या डब्यातला लिंबूभात आमच्यापुढं सरकवला. भाषा कुणालाच येत नव्हती, पण काटपाडीपर्यंत डबे रिकामे झाले.

जाणाऱ्यांसाठी : बंगळूर-चेन्नई दिवसा बऱ्याच गाड्या आहेत, पण बसच्या भरवशावर सकाळची गाडी धरू नका, दुपारचीच धरा. आणि सोहळ्याचे कपडे-बूट हातातल्या बॅगेतच ठेवा.

दिवस दुसरा, सकाळ : नेपियर पूल आणि मैलापूर

जानेवारीची चेन्नई सकाळी छान असते. दहा वाजले की मात्र अंगाला चिकटायला लागते. सहालाच मरीनावर गेलो. भाचीला समुद्रापेक्षा रस्ता बघायचा होता. इथंच नेपियर पूल आणि आयलंड ग्राउंड्सच्या भोवती 2024 च्या ऑगस्टअखेर रात्रीच्या दिव्यांत फॉर्म्युला 4 च्या गाड्या पळाल्या. साडेतीन किलोमीटरचा शहरी ट्रॅक. भारतात रस्त्यावरची रात्रीची शर्यत तोवर झाली नव्हती. खरं तर ती 2023 च्या डिसेंबरात व्हायची होती, पण मिचाँग चक्रीवादळानं शहर पाण्याखाली गेलं आणि पुढं ढकलावी लागली.

पुलाच्या पांढऱ्या कमानींखाली उभी राहून ती डांबराकडं बघत होती. मग वाकून तळहात रस्त्यावर टेकवला. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, "ग्रिप. लय गुळगुळीत हाय गं. पावसात हितं काय खरं न्हाई." बाजूनं दुधाच्या गाड्या जात होत्या.

तिथून चेपॉकचं स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ. दादा तिकडं बघत म्हणाला, "हितल्या बाराव्या गड्याचं नाव बी आपल्या गल्लीतल्या पोरांस्नी पाठ असतंय." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. आमच्या शाळेच्या परिपाठात मी भाचीच्या निकालाचं वाचून दाखवलं, तेव्हा मुलांनी विचारलं होतं, "बाई, मुलींचीबी रेस असती?" कोल्हापूरची ही गत. जिथं गावाशेजारी मोहित्यांचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या चारचाकी गाड्यांच्या शर्यतींचा, ट्रॅक आहे, जिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींपर्यंत जाऊन आला, तिथली.

मैलापूरला कपालीश्वराचं दर्शन घेतलं, तळ्याच्या काठानं फिरलो, एका छोट्या मेसमध्ये पोंगल आणि फिल्टर कॉफी घेतली. पोंगलावर तुपात तळलेले अख्खे मिरे असतात, ते बाजूला काढू नका, चावून खा. दादाला पहिल्यांदाच चटणीच्या पुडीची गरज पडली नाही. मग पाँडी बाजारात बुटांचा शोध. तिच्या मापाचे साधे काळे बूट मिळाले, आधीच्यांपेक्षा स्वस्त. तिनं वहिनीला व्हिडिओ कॉल करून दाखवले, आणि वहिनी म्हणाली, "हेच शोभत्यात." तिथं तो विषय संपला.

दिवस दुसरा, संध्याकाळ : नावं पुकारली जातात

हॉटेलचा मोठा हॉल. दारात नाव तपासून बिल्ले देत होते. आत गोल टेबलं, पुढं स्टेज, आणि एका लांब टेबलावर ट्रॉफ्या. दादा आधी त्या टेबलाकडंच गेला. हात मागं बांधून एकेक ट्रॉफी वाकून बघितली. कुठली ओतीव आहे, कुठली पत्र्याची, बुडाचा नट कुठं दिसतोय. "ही चांगल्या फौंड्रीतनं निघाली," असा एकीला शेराही दिला.

माणसं बघण्यासारखी होती. कार्टिंगची पोरं आठ-दहा वर्षांची, कोट घातलेली, टेबलाखाली लपाछपी खेळत होती. सर्किटवाले कोइम्बतूर-चेन्नई-बंगळूरचे, बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारे. रॅलीवाले उन्हानं रापलेले, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. ड्रॅगवाले, सुपरक्रॉसवाले. वर्षभर यातले बरेच जण एकमेकांना भेटतच नाहीत, कारण प्रत्येकाची स्पर्धा वेगळ्या गावी, वेगळ्या मातीत. इथं मात्र एकाच हॉलमध्ये, एकाच यादीत.

या खेळाला ही एक रात्र किती मोलाची आहे ते सांगते. अर्जुन पुरस्कार 1961 पासून दिला जातो. मोटरस्पोर्टमधल्या पहिल्या माणसाला तो मिळाला 2019 साली, रॅलीपटू गौरव गिलला. तोवर तो तीन वेळा आशिया-पॅसिफिक रॅली विजेता झाला होता. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय. त्याला 2010 साली पद्मश्री मिळाली. त्याच 2019 साली बंगळूरच्या ऐश्वर्या पिसेनं दुचाकींच्या बाहा, म्हणजे आडरानातल्या रॅलींच्या, विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. मोटरस्पोर्टमधलं जागतिक विजेतेपद घेऊन आलेली ती पहिली भारतीय. आमच्या भाचीच्या खोलीत तिचाच फोटो आहे. 2024 च्या डकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत केरळच्या हरित नोआनं रॅली-टू वर्ग जिंकला. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकून आला. ही नावं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत येतात. त्यांच्याखालची, राष्ट्रीय स्पर्धेतली शे-दोनशे नावं तर कुठंच येत नाहीत. ती मोठ्यानं वाचली जातात फक्त इथं.

आमच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, पांढरा सदरा, छातीला जुना मार्शलचा बिल्ला. दादा मला म्हणाला, "आपला वर्ग कधी यील गं?" आणि ते गृहस्थ चपापून वळले. "तुम्ही मराठी?" मी हो म्हटलं. मग ते जे बोलले ते मराठीच होतं, पण कानाला वेगळंच. शब्द पणजीच्या तोंडचे, हेल तमिळ. तंजावरचे मराठे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या राज्यात गेलेल्यांचे वंशज. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी चेन्नईला आलं. घरात मराठीच, पण देवनागरी वाचता येत नाही. आईची पत्रं तमिळ लिपीत लिहिलेल्या मराठीतली. मी वहीत त्यांचं नाव देवनागरीत लिहून दिलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, पान घडी करून खिशात ठेवलं.

ते चाळीस वर्षं झेंडेवाले मार्शल. पहिल्यांदा उभे राहिले ते शोलावरमला. शहराच्या उत्तरेची दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी, तिथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती व्हायच्या. क्लब 1953 चा. त्यांनी भाचीला झेंडे समजावले, तिला माहीत असूनही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. नुसता पिवळा म्हणजे पुढं धोका, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. "पिवळा हलवताना मनगट भरून येतं. तरी खाली आणायचा नाही. तिकडं कुणी पडलेलं असतं." बोलताना त्यांचा उजवा हात नकळत टेबलाच्या वर हलत होता.

नावं सुरू झाली. रॅलीच्या गाड्यांत चालकाबरोबर नेव्हिगेटरलाही बोलावतात, दोघांची ट्रॉफी वेगळी. हे मला फार आवडलं. शेजारी बसून वळणं वाचून दाखवणाऱ्याचं नाव चालकाइतक्याच मोठ्यानं घेतलं जातं. कार्टिंगच्या एका पोराला ट्रॉफी पेलवेना, तर त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या नंबरवाल्यानं आपली खाली ठेवून त्याच्या ट्रॉफीचं बूड धरलं. दोघं तसेच खाली उतरले.

दुचाकी रॅली, महिला वर्ग. पुकारणाऱ्यानं आडनावाचा उच्चार थोडा तमिळ वळणानं केला, गाव मात्र नीट घेतलं, "कोल्हापूर, महाराष्ट्र". भाची चालत गेली. बूट किंचित कचकचले. ट्रॉफी घेतली, फोटोसाठी वळली, आणि शेजारच्या मुलीला, जिच्याशी वर्षभर सेकंदा-सेकंदानं लढली होती, जवळ ओढलं. मी टाळ्या वाजवत होते. दादा वाजवत नव्हता. दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवून बसला होता, आणि ते स्वच्छ होते.

ती खाली आल्यावर लोक फोटोला यायला लागले. मला वाटलं आता निघू, पोरीला भूक लागली असेल. दादा म्हणाला, "न्हाई. समद्यांची नावं हुईस्तोवर बसायचं." शेवटच्या वर्गाच्या शेवटच्या नावापर्यंत आम्ही बसलो, आणि प्रत्येक नावाला त्यानं टाळ्या वाजवल्या.

जेवणात बिर्याणी, अप्पम, भाजीचा स्ट्यू आणि पायसम होतं. दादा जेवून गायब झाला. शोधायला गेले तर मागच्या पार्किंगमध्ये सात-आठ जणांच्या घोळक्यात उभा. सगळे मेकॅनिक. कुणी कोइम्बतूरचा, कुणी मंगळूरचा, कुणी नाशिकचा. मोबाईलवर एकमेकांना उघडलेल्या इंजिनांचे फोटो दाखवत होते. हिंदी, तमिळ, कन्नड, मराठी आणि मधूनमधून "स्प्रॉकेट, टॅपेट, फोर्क सील". कोइम्बतूरवाला दादाच्या फोनवर फोटो मोठा करून विचारत होता, हे इंजिनाखालचं सम्प गार्ड घरी बनवलं का. दादानं पत्र्याची जाडी, बेंडची जागा, भोकं कुठं पाडली, सगळं सांगितलं. दोन तास तो एवढं बोललेला मी लग्नातही पाहिला नाही. निघताना त्यानं चटणीची उरलेली पुडी त्या कोइम्बतूरवाल्याला दिली.

या सोहळ्याला बाहेरच्यांना तिकीट काढून जाता येत नाही, आमंत्रण लागतं. बरोबर किती जणांना नेता येईल ते आधीच विचारा. पोरांना घेऊन जात असाल तर दुपारी झोपवा, नावं बरीच असतात. आणि कॅमेरा नव्हे, फोन चार्ज करून न्या, कारण खरे फोटो स्टेजखाली निघतात.

दिवस तिसरा : इरुंगट्टुकोट्टई

वेष्टीवाले काका सकाळी साडेसातलाच लॉजच्या दारात. "चला, ट्रॅक बघू." बंगळूरच्या हमरस्त्यावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडं इरुंगट्टुकोट्टई. क्लबनं शोलावरम सोडून 1990 मध्ये इथं स्वतःचा ट्रॅक उभारला, सुमारे पावणेचार किलोमीटरचा. वाटेत सैदापेटला वडाकरी खाल्ली. डाळीचे वडे कुस्करून केलेला घट्ट रस्सा, इडलीबरोबर. आमच्या मिसळीची दूरची बहीण वाटली मला.

ट्रॅकवर शर्यत नसताना आत सोडत नाहीत, काकांच्या ओळखीमुळं गेलो. आत कुणीतरी एकटाच मोटारसायकलवर सराव करत होता. आवाज लांब जायचा, वळणावर खाली उतरायचा, परत चढत यायचा. टायरच्या थप्प्या, वाळलेलं गवत, वर घारी. काकांनी आम्हाला त्यांच्या वळणावर नेलं. पिवळा झेंडा घेऊन उभं राहायची जागा, सिमेंटचा एक चौथरा. त्यावर चढून ते उभे राहिले. "इथून आठ सेकंद दिसतात. येताना चार, जाताना चार. तेवढीच शर्यत मी पाहिली." चाळीस वर्षांत त्यांनी एकही शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही. कोण जिंकलं ते त्यांना संध्याकाळी कळायचं.

भाची त्यांच्या शेजारी चौथऱ्यावर चढली. सरावाची गाडी आली, वळली, गेली. तिनं मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाली, "साडेसात."

"मग आता पोरं वेगात आहेत," काका म्हणाले.

शर्यतींचं वेळापत्रक बघून जा. शनिवार-रविवारच्या शर्यतींना टोपी, पाणी आणि कापूस न्या. कापूस कानासाठी. दुपारी सावली मिळणं अवघड.

परतताना काकांनी आम्हाला बसस्टँडला सोडलं. दादा त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, पालथा करून बघितला. नखांच्या कडांना राहिलेली बारीक काळी रेघ त्यांनी अंगठ्यानं दाबली आणि म्हणाले, "हे राहू दे."

दिवस चौथा : शटर

चेन्नईहून रात्रीची बस, बंगळूरला बदल, तिथून दिवसभर हमरस्ता. ट्रॉफीचं खोकं दादानं जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून मांडीवर घेतलं होतं. सामानाच्या कप्प्यात ठेवा म्हणून कंडक्टरनं दोनदा सांगितलं. हुबळीला आम्ही मिरचीभजी घेतली, बेळगावला कुंदा. वहिनीसाठी.

कोल्हापूरला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मला वाटलं घरी जाऊ, वहिनी औक्षणाचं ताट घेऊन थांबली असणार. पण रिक्षावाल्याला दादानं सांगितलं, "पैलं उद्यमनगर."

शटर अर्ध्यावर उचलून आत गेलो. दिवा लावला. बाकावर भाचीच्या गाडीच्या इंजिनाचा हेड उघडा पडला होता, व्हॉल्व्ह फडक्यावर ओळीनं मांडलेले, तो जसे सोडून गेला होता तसे. दादानं पट्टी सोडली, ट्रॉफी काढली आणि फीलर गेजच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. भाची बाकाशी गेली होती. एक व्हॉल्व्ह उचलून दिव्याखाली धरला.

"पप्पा, ह्याची सीट पिट झालीया. पुढच्या राउंडआधी लॅपिंग करायला लागंल."

"उद्या," दादा म्हणाला. "आज आईनं वाट बघितलीया."